वायरमनच्या घरचं झाड

पोरीनं दार पायानं ढकललं, कारण दोन्ही हात झाडात गुंतले होते. प्लास्टिकचं, कमरेएवढं, हिरवंगार नाताळचं झाड. फांद्या चौकटीत अडकल्या, तशी ती आडवी होऊन आत शिरली आणि झाड तिनं खोलीच्या मधोमध उभं केलं.

वायरमन चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"हे कुणाचं?"

"आपलं."

"परत देऊन ये."

"पावती फाडली."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं आधी झाडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अगं, आधी विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर बाबा हो म्हणाले असते?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

अकरा वर्षांत या घरात झाड आलं नव्हतं. शेवटचं आलं तेव्हा पोरगी सात वर्षांची होती. त्या नाताळला दिव्यांची जुनी माळ मधेच तुटली होती. वायरमननं दोन तारा नुसत्या पिळल्या आणि वर कागद चिकटवायची पट्टी गुंडाळली. काळी टेप कामावरच्या पिशवीत राहिली होती. गिऱ्हाइकाच्या घरी त्यानं असला जोड मेला तरी मारला नसता. पण घरचंच काम, चालतंय, म्हणून तो बटण दाबून कामावर गेला. तासाभरात जोड तापला, झाड पेटलं आणि खाली खेळत बसलेल्या पोरीचा डावा हात मानेपर्यंत भाजला. आईनं घोंगडी टाकून विझवलं म्हणून ती वाचली.

तेव्हापासून पोरीला भीती वाटेल असं काही घरात करायचं नाही, हे ठरून गेलं. कुणी ठरवलं ते कुणी विचारलं नाही. डिसेंबर लागला की खिडकीचा पडदा ओढलेला असायचा. झाडं मांडलेल्या दुकानांसमोरून जायचं नाही म्हणून बाप तिला शाळेत लांबच्या रस्त्यानं न्यायचा. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती नसायची. बाप बॅटरी धरायचा, पोरगी बॅटरीवर फुंकर मारायची आणि बाप हळूच बटण दाबून ती विझवायचा. मग सगळे टाळ्या वाजवायचे.

आणि आपल्या घरातल्या तारेला वायरमननं पुन्हा हात लावला नाही. अर्ध्या वस्तीच्या भिंतींत याची वायर खेळत होती, पण याच्याकडचा साधा बल्ब गेला तरी कोपऱ्यावरचा वायरमन यायचा. लोक फिदीफिदी हसायचे. हसू देत, असं तो म्हणायचा.

"या घरात झाड लागणार नाही," तो आता म्हणाला. "विषय संपला."

"विषय आत्ता निघाला." पोरीनं दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या. घरातसुद्धा ती कधी बाह्या वर करत नसे. तिनं पिशवीतून दोन माळा काढल्या. "एक माळ पुरत नाही. दोन जोडायला लागतील."

"दोन्हींना आपापली पिन असते."

"एकीची कापली. दुकानदाराकडून पक्कड घेतली आणि तिथंच कापली. तो म्हणाला, बाई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"मलाही तेच विचारायचंय," आई म्हणाली.

वायरमननं खिशातला फोन काढला. "कोपऱ्यावरच्याला बोलावतो."

"बोलवा. दारातूनच परत पाठवीन. जोड तुम्ही मारायचा."

तिच्या आवाजात इतकी धार होती की वायरमननं फोन ठेवून दिला. पोरगी आज उट्टं काढतेय, त्याला वाटलं. काढू दे. अकरा वर्षं तिनं एक शब्द बोलून दाखवला नव्हता. आज बोलतेय, तर ऐकून घ्यायला हवं.

त्यानं कामाची पिशवी ओढली आणि जमिनीवर बसला. ज्या बोटांनी तो अंधारात, शिडीवर, एका हातानं तारा सोलायचा, ती बोटं आज ऐकेनात. तार दोनदा तुटली. तिसऱ्यांदा नीट सोलली गेली. त्यानं तारा पिळल्या, त्यांना कथलाचा डाग दिला, गार होऊ दिलं, ओढून पाहिलं. मग टेप. टेपवर टेप. त्यावर पुन्हा टेप.

"अहो, जोड मारताय की मोडलेला पाय बांधताय?" बायको म्हणाली. तिचा आवाज कापत होता, तरी ती हसली.

माळा झाडावर चढल्या. वायरमननं पिन खोचली, बटणावर बोट ठेवलं आणि मागं वळून पाहिलं.

पोरगी झाडाखाली जाऊन बसली होती. मांडी घालून, अगदी खेटून. सुरकुतल्या मानेवर हिरव्या फांद्या टेकल्या होत्या आणि टेपचा तो गोळा बरोबर तिच्या डाव्या खांद्यावर लोंबत होता.

"ऊठ तिथून!" वायरमन ओरडला. "आधी ऊठ!"

"नाही."

"अगं, पण झाडाजवळ तुला भीती..."

"मला कधीच वाटली नाही, बाबा. तुम्हाला वाटायची, म्हणून अकरा वर्षं मी गप्प होते. दाबा."