डाव्या कुशीवर

मयताला अंघोळ घालताना रेंगाळायचं नाही, मेलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही, हे हुरमतबी अर्ध्या कल्याणच्या बायकांना शिकवत आली होती. आज मात्र कंबर उठल्यापासून साथ देत नव्हती, आणि फळीवर निजवलेली सादिया तिच्या नातीच्या वयाची होती. एवढीशी पोर समोर आली की हुरमतबीचा हात जड व्हायचा.

बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं आपटलं, जागच्या जागी गेली, असं सादियाची सासू जैबून हिनं दारातच सांगितलं होतं. डॉक्टरचा कागदही आला होता. बाहेर गल्लीत पुरुष जनाजा घेऊन उभे होते. दुपारची, जोहरची नमाज झाली की दफन.

हुरमतबीची भाची नसीम बोरीचा पाला घालून कोमट केलेलं पाणी ओतत होती. हुरमतबीनं चादरीखाली हात घालून पोरीचे हातपाय धुतले, केस धुतले, मग तिला हलकेच डाव्या कुशीवर वळवलं. आणि तिचा हात थांबला.

पाठीवर वळ होते. काही जुने, पिवळे पडलेले, काही निळे. मानेवर मागून बोटं उमटली होती, अंगठा कानाखाली. पाय घसरलेल्या माणसाची मान अशी कुणी धरत नाही. नसीमनंही पाहिलं. तिच्या हातातला तांब्या तिच्याच पायांवर कलंडला.

दाराशी उभी असलेली जैबून जवळ सरकली. आवाज अगदी मऊ.

"तुम्हीच सांगता ना, हुरमतबी? मयताचे ऐब जो झाकतो, त्याचे ऐब अल्लाह झाकतो."

सांगायची खरं. बायका जमल्या की आधी हेच सांगायची. मेलेल्याच्या अंगावर काय खोट दिसली ते बाहेर बोलायचं नाही, या कामाचा पायाच तो. आणि आज तर बोलायचंही काही नव्हतं, नुसतं गप्प राहिलं की भागत होतं. अजून थोडं पाणी, कापूर, कफन. तासाभरात पोर मातीआड, तिच्याबरोबर ते वळही मातीआड. घरी जाऊन कंबर टेकता आली असती. तोंड उघडलं तर पोलीस येणार, सरकारी दवाखान्यात पोरीला चिरणार, आणि उद्या गल्लीत कुणी गेलं तरी हुरमतबीला बोलावणं येणार नाही. हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला यायला हवं होतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. अल्लाहला आज माझंच म्हातारं खोड सापडलं का, असंही वाटून गेलं.

तिनं चादर सादियाच्या हनुवटीपर्यंत ओढली.

"ऐब मयताचे झाकायचे, जैबून," ती म्हणाली. "हे हिचे नाहीत."

जैबून आधी रडली, मग हातापाया पडली, घराण्याच्या अब्रूची आण घातली, मुलाचं नाव न घेता मुलाबद्दलच बोलत राहिली. हुरमतबीनं सगळं ऐकून घेतलं. मग नसीमला पोलिसांना फोन लावायला सांगितलं आणि तो स्वतःच्या कानाला लावला. आपलं नाव, गल्ली, काय काय दिसलं, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवायला त्राणच नव्हतं.

अजान झाली. बाहेरून दार वाजलं. आवरलं का, मंडळी खोळंबलीत, कुणीतरी विचारत होतं. हुरमतबी दाराला पाठ लावून खाली बसली. खोली एवढीशी, बसल्या जागेवरून फळीपर्यंत हात पोचत होता. सादियाचा ओला हात चादरीबाहेर राहिला होता. तो तिनं आत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"थांब हं बाय जरा," ती हळूच म्हणाली. "दमलीयस, माहितेय मला. मीपण दमलेय."