विहिरीचा नंबर

राजलक्ष्मीने मोबाइल पुढे केला, तसे लीलाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. एवढ्यासाठी पोरगी बारामतीहून सणसरला आली होती. एकवीस वर्षं रोज सकाळी, हाता-हातावर गाठ मारलेली दोरी आत सोडून लीलाबाईंनी विहिरीचं पाणी मोजलं होतं, वहीत मांडलं होतं. राजलक्ष्मीने संशोधनासाठी नेलेल्या त्या वह्या आता इंटरनेटवर चढल्या होत्या.

"काकू, हा तुमच्या नोंदींचा कायमचा नंबर. उद्या वेबसाइट बदलली तरी हा टाकला की तुमचीच विहीर उघडणार. हे आकडे जो वापरेल, त्याने लेखात हा नंबर द्यायचा. नागपूरच्या एका बाईंनी दिलासुद्धा!"

मग तिने वाचून दाखवलं, "नोंदी घेणारे : सर्जेराव काळे."

ओसरीवर चहा पिणाऱ्या सर्जेरावांना ठसका लागला. "माझं नाव? अगं, मी एकदाच हात लावला दोरीला, तर दोरीच विहिरीत गेली!"

"तात्या, वह्यांवर तुमचंच होतं."

होतंच. सातबारा, वीजबिल, कारखान्याचा शेअर, सगळं नवऱ्याच्या नावावर. लीलाबाईंनी वहीवरही सवयीने तेच घातलं होतं, दरसाल नव्या वहीवर.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यांचं काय, माझं काय." पण आत निघालेला पाय उंबऱ्यापाशी थांबला.

"ऱ्हाऊ दे कसं? पोरी, काढ माझं नाव."

"अवो, पर मग नंबर बदलंल. नागपूरच्या बाईला विहीर घावायची न्हाय."

"नंबर नाही बदलत, काकू. नाव तेवढं दुरुस्त होतं."

"लग्नात माझी छबूची लीला झाली. आडनाव गेलं, गाव गेलं. आन ह्या नंबराचं कायबी बदलत न्हाय?"

"काहीच नाही."

"नशीबवान हाय बया." लीलाबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "घाल मग माझं."

"पूर्ण नाव सांगा."

"लीलाबाई सर्जेराव काळे."

"बघा, मधी मी हायच की!" सर्जेराव खुलले.

"ऱ्हावा. पर दोरीला हात लावायचा न्हाय."

दुपारी सर्जेराव बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग घेऊन विहिरीवर गेले. कठड्यावर सिमेंटमध्ये त्यांचं नाव आणि साल कोरलेलं होतं. त्याच्याखाली ते नंबराचा एकेक आकडा रंगवू लागले. लीलाबाई कागद धरून मागे उभ्या. "सात नीट काढा. एक वाटतोय."

मेंढरं घेऊन चाललेला बिरू थांबला. त्याला नंबराची सगळी गोष्ट ऐकवून झाली, तरी त्याची शंका होतीच. "तात्या, पावसात धुऊन जाईल की ह्यो."

सर्जेरावांनी कुंचला झटकला.

"जाऊ दे. हितला गेला तरी तितला जात न्हाय."