ताम्रासुराचा चेहरा

"सर, जरा इकडे तोंड करून बसा. तुमचा चेहरा नीट यायला पाहिजे," साकेत म्हणाला आणि त्याने मोबाइलचा कॅमेरा नागोजीरावांवर रोखला.

नागोजीराव खुर्चीत अवघडून बसले. समोर टीव्हीवर 'गगननौके'तल्या 'ताम्रासुर' कथेचा शेवटचा भाग सुरू होता. 'गगननौका' ही कन्नड विज्ञानमालिका अकरा वर्षं चालली. तिच्या सगळ्या कथा शिल्लक होत्या, एक 'ताम्रासुर' सोडून. त्या टेपवर पुढे कुणीतरी भजनं रेकॉर्ड करून टाकली होती. गेल्या महिन्यात रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात त्या कथेची प्रत सापडली आणि मालिकेच्या चाहत्यांत एकच धांदल उडाली. साकेत त्यांच्यातलाच. हेब्बाळच्या ऑफिसातून रजा काढून आला होता.

"मी पण अजून बघितलेलं नाही, सर. तुमच्याबरोबरच बघायचं ठरवलं."

नागोजीरावांनी मान हलवली.

ताम्रासुर म्हणजे नागोजीराव, हे त्यांच्या सगळ्या भाऊबंदांना पाठ होतं. कथाभर तांब्याच्या कवचात वावरणारा आणि अगदी शेवटी टोप काढून चेहरा दाखवणारा. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात त्यांनी हे सांगितलं होतं. टोप काढल्यावर स्टुडिओत टाचणी पडली तरी ऐकू आली असती, तेसुद्धा.

यात खोटं एवढंच होतं की शेवटच्या दिवशी कवचात जीव गुदमरून ते चक्कर येऊन पडले होते. टोप काढणारा चेहरा त्यांचा दोस्त शंभूराव याचा होता. शंभूराव तिथे दिवे लावायला होता. "नाव तूच घे रे, मला काय करायचंय," म्हणून तो हसला आणि पुढच्या दोन वर्षांत वारला. ती कथा टीव्हीवर लागली तेव्हा नागोजीरावांची बायको रुक्मिणीबाई बाळंतपणाला माहेरी बन्नीमंटपला होत्या, त्यामुळे त्यांनी ती बघितलीच नाही असं ते धरून चालले. नंतर टेपच गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती नागोजीरावांनी सदतीस वर्षं झाकून ठेवली.

"अज्जा, आता येणार ना तुम्ही?" नात अन्विता टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती.

"साकेत, आधी कॉफी घेऊ या की. थांबवा थोडं."

"दोनच मिनिटं, सर."

एरवी दिवसातून दोनदा जाणारा करंट आज मात्र ठाण मांडून बसला होता. पडद्यावर ताम्रासुर वळला. दोन्ही हात टोपाला लागले. नागोजीरावांना वाटलं, उठून वायरच ओढावी.

टोप निघाला. उजेडात डोळे मिचकावणारा, लांब नाकाचा, काटकुळा तरुण. साकेतने चित्र तिथेच थांबवलं.

अन्विताने पडद्याकडे बघितलं, मग आजोबांकडे. "अज्जा, हे तुम्ही?"

"हेच की," दिवाणावर अवरेच्या शेंगा सोलत बसलेल्या रुक्मिणीबाई म्हणाल्या. "लग्नात अस्सेच होते. नोडी, बघा तरी, केवढे बारीक!"

"पण अव्वा, नाक..."

"वय झालं की नाक पण बसतंय. सुम्ने, गप्प बस तू."

नागोजीरावांचा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर काटा आला. लग्नात ते चांगले गोल गरगरीत होते. हिला सगळं माहीत होतं तर.

"मग पक्कं, सर," साकेतने लॅपटॉप उघडला. "आमच्या नटांच्या यादीत ताम्रासुर म्हणून तुमचं नाव घालतो. आता हे कायमचं."

पडद्यावर शंभूराव डोळे अर्धवट मिटून उभा होता. तिशीही न गाठलेला. नागोजीरावांना स्वतःची अशी लाज वाटली की बसवेना.

"घालू नका," ते म्हणाले. "शंभूराव लिहा. कवचात मी होतो, पण हा चेहरा त्याचा. मी खोटं सांगत आलो."

साकेतने हळूच मोबाइल खाली घेतला. अन्विता नखं बघत राहिली. नागोजीराव बायकोकडे वळले.

"हिनकलला जायला पाहिजे. शंभूरावाच्या बायकोला, शकुंतलाबाईंना दाखवायला पाहिजे हे. तिच्या लेकीच्या लग्नात, तिच्याच मांडवात मी हे सगळं रंगवून सांगितलंय गं. वाढता वाढता थांबून ऐकत होती ती. आता तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

रुक्मिणीबाईंनी शेंगेतले दाणे सुपात टाकले.

"तिला काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "हे टीव्हीवर लागलं त्या दिवशी बन्नीमंटपला माझ्या शेजारीच बसून बघत होती ती."