टोपीची साक्ष

फौजदाराची टोपी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ठेवली, तेव्हा कोर्टात कोणीही हसलं नाही. टोपीच्या बिल्ल्यातला कॅमेऱ्याचा डोळा बंद करायची सोय पोलिसांना नव्हती. म्हणून झडतीच्या दिवशी फौजदाराने घरात शिरताच टोपी काढली आणि बिल्ला खाली करून भुईवर टाकली.

त्या झडतीत शालन उखळावर पडली आणि तिसऱ्या दिवशी वारली. पाय घसरला, असं फौजदाराने लिहून दिलं. तिचा नवरा इराप्पा कोष्टी याने तक्रार केली. चौकशीवाल्यांनी टोपीतला पहिल्या पाच मिनिटांचा अंधार पाहिला आणि फाइल बंद केली. मग इराप्पाने दिवाणी दावा लावला.

"टोपीतलं सगळं दाखवा," त्याच्या वकील नफीसा मुजावर म्हणाल्या.

"अंधारच बघायचाय तर डोळे मिटा की, बाई," सरकारी वकील म्हणाले.

पडद्यावर सहा मिनिटं अंधार होता. सातव्या मिनिटाला उजेड आला. शालनने टोपी उचलली, पदराने पुसली आणि खुंटीला अडकवली.

"टोपी भुईवर ठेवू नये, साहेब. मान असतो तिला."

खुंटीवरून सगळी खोली दिसत होती. फौजदार तिच्या अंगावर धावून आला.

"मला शिकवतेस?"

सरकारी वकिलांनी घाईघाईने चित्र थांबवायला सांगितलं आणि ते इराप्पाकडे वाकले. "काका, तडजोड करू या. म्हणाल ते देऊ."

इराप्पा उभा राहिला.

"चालू करा," तो म्हणाला. "शालनचं बोलणं अजून राहिलंय."