बक्षीसपत्र

राहतं घर मुलाच्या नावावर करून शिंपीकाका नोंदणी कचेरीतून परतले. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतोय न उतरतोय, तोच सुनेने बहिणीला फोन लावला. "अगं, झालं एकदाचं बक्षीसपत्र. आता आमच्या घराला आधी रंग काढणार."

काकांचा कप हातातच राहिला. सकाळी निघताना हीच म्हणाली होती, "बाबा, आपल्या घराचे कागद घेतलेत ना?" सकाळी आपलं, दुपारी आमचं. सदऱ्याचा खांदा बोटभर ढिला असला तरी लांबून ओळखणारे काका. एवढा फरक त्यांच्या कानातून कसा सुटणार?

"तरी वकील सांगत होते," बायको हळूच म्हणाली, "मृत्युपत्र करा, आपण गेल्यावर मिळू दे त्याला. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"पोटच्या पोराशी कसली वकिली, म्हणालो."

"मग प्या आता चहा."

मुलगा मात्र खुशीत होता. पुढच्या खोलीत टेप लावून त्याचं मापं घेणं चाललं होतं. खिडकीपाशी, जिथे काकांनी जन्मभर मशीन चालवलं, तिथे तो थांबला.

"बाबा, आमचा सोफा इथे येईल. तुमचं मशीन गॅलरीत टाकू. हवा छान येते तिथे."

बोलण्यात तिरकेपणा औषधालाही नव्हता. काकांना तेच जास्त लागलं. तिरकं बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. आता या भल्या पोराशी भांडायचं ते कशावरून? एका शब्दावरून? लोक हसतील.

बेल वाजली. सुनेने दार उघडलं. बाहेर एक अनोळखी माणूस उभा होता, हातात नवी कोरी पॅंट.

"खालून आखूड करायची होती. शिंपीकाका इथेच राहतात ना?"

"हो, हो," सून गोड हसून म्हणाली, "आमच्याकडेच असतात ते."

बायकोने काकांकडे पाहायचं टाळलं. काका उठले, दाराशी गेले. पॅंट हातात घेऊन त्यांनी खालची शिवण उलटून पाहिली.

"उद्या संध्याकाळी न्यायला या," ते त्या माणसाला म्हणाले. मग सुनेकडे वळले. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला 'तू' म्हणत आलेले काका अदबीने म्हणाले,

"तुम्हाला चालेल ना?"