नुसतं लोखंड

हेदरने आईचं कानातलं ओल्या वाळूत पुरलं आणि त्याला बांधलेल्या दोऱ्याचं टोक बुटाखाली दाबून धरलं. नारिंगी दोरा विटून जवळजवळ पांढरा झाला होता. तो वडिलांनी बांधलेला होता. धातू शोधणारं नवं यंत्र तपासायचं तर आधी ओळखीचं सोनं पुरायचं, त्याचा आवाज कानात साठवायचा आणि मगच हरवलेलं शोधायला निघायचं. ओळखीचं सोनं समुद्राने नेऊ नये म्हणून त्याला दोरा बांधायचा. या किनाऱ्यावर यंत्र घेऊन हिंडणारे सगळेच असं करत.

धुकं वाळूपर्यंत उतरलं होतं. समुद्र दिसत नव्हता, पण तो मागे मागे जात असल्याचं ऐकू येत होतं. तिने हेडफोन लावले. खारी ओली वाळू यंत्राला धातूच वाटते, त्यामुळे आधी नुसती गुणगुण आली. मग ती गुणगुण हळूहळू ओसरली आणि तिच्या तळाशी एक बारीक स्वर उमटला, कुणीतरी काचेच्या पेल्याला नख लावावं तसा.

"आलं ऐकू?" एडविनने विचारलं. तो वडिलांचा चाळीस वर्षांपासूनचा सोबती. मासळीच्या उपड्या पेटीवर चहाचा थर्मास घेऊन बसला होता.

तिने मान डोलावली. तुझ्या बाबाचं पहिलं यंत्र मेलेला खेकडा दिसला तरी किंचाळायचं, असं तो म्हणाला. मग थर्मासच्या झाकणाशी चाळा करत तो हळूच पुढे म्हणाला की जोडीतलं दुसरं सापडलं की तू काही इकडे फिरकायची नाहीस. एवढ्या चहाचं मी एकटा काय करू?

दुसरं कानातलं आईने इथेच पोहताना घालवलं होतं. त्यानंतर ती जन्मभर एकाच कानात घालत राहिली, चर्चमध्येही आणि शेवटी इस्पितळातही. तिच्या दफनाच्या दिवशी हेदर वडिलांना म्हणाली होती, आपण शोधू, सापडेपर्यंत मी दर रविवारी येईन. एडिंबरोहून दीड तासाची वाट. अकरा वर्षं ती येत राहिली. कानातलं सापडलं नाही, पण घरात दिवसाला चार वाक्यं बोलणारे वडील वाळूवर बोलायला लागले. आईविषयी, जहाजांविषयी, डब्यातल्या पावाला मोहरीचा सॉस कमी पडला त्याविषयी.

फेब्रुवारीत ते गेले. त्यानंतर आठव्या दिवशी हे यंत्र घरी आलं. त्यांनी ते इस्पितळातूनच मागवलं होतं. खोक्यावर नाव मात्र हेदरचं होतं. दुकानाची चूक असेल, असं तिला वाटलं. येत्या गुरुवारी त्यांची राख आईच्या कबरीत ठेवायची होती. तिच्यासोबत दोन्ही कानातली ठेवावीत एवढंच तिच्या मनात होतं. गुरुवारच्या आत एवढी मोठी ओहोटी पुन्हा येणार नव्हती.

तिने कानातलं उकरून खिशात टाकलं आणि ती जुन्या होड्यांच्या सांगाड्यांकडे निघाली. हेरिंग मासे पकडणाऱ्या होड्या एके काळी इथे मोडायला आणत. वाळूत खिळे, साखळ्या, बोल्ट यांचा थर होता. प्रत्येक पावलाला कानात लोखंड घोरत होतं. बाकीचे लोक यंत्रातला लोखंडाचा आवाज बंदच करून टाकत. वडील करत नसत. सोनं लोखंडाच्या शेजारीच लपतं, म्हणत. ते एकूण एक खिळा उकरत आणि बादली भरून घरी नेत. भंगारवाला तुला भाऊबंद समजतो, असं एडविन त्यांना चिडवायचा.

फक्त सांगाड्यांतल्या शेवटच्या काळ्या वाशापाशी ते कधी थांबले नाहीत. "इथे नुसतं लोखंड आहे, पोरी. पुढे चल," म्हणायचे. ती पुढे जायची.

आज पुढे चल म्हणायला कुणी नव्हतं. धुक्यात तो वासा एखाद्या वाट पाहणाऱ्या माणसासारखा उभा होता. तिने त्याच्या पायथ्याशी यंत्राची तबकडी फिरवली. लोखंड घोरलं. तिने हात आणखी सावकाश फिरवला. घोरण्याच्या दोन आवाजांमध्ये, अगदी खोल, कुणीतरी पेल्याला नख लावलं.

ती गुडघ्यांवर बसली. वीतभर वाळू उपसल्यावर बोटांना दोरा लागला. त्याचं एक टोक वाशातल्या गंजक्या बोल्टला बांधलेलं होतं. दुसऱ्या टोकाला आईचं कानातलं होतं.

तिने खिसा चाचपला. पहिलं खिशातच होतं. दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींना वडिलांची तीच तिपेडी गाठ होती. खिशातला दोरा पांढरा पडला होता. वाळूतला दोरा मात्र भडक नारिंगी होता, गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी बदलल्यासारखा. कितव्यांदा बदलला असेल, कोण जाणे.

सापडेपर्यंत येईन, असं तीच म्हणाली होती. खोक्यावरचं नाव चुकलेलं नव्हतं.

 तिने बोल्टवरची गाठ सोडली आणि खड्डा पायाने नीट बुजवला, वडिलांनी शिकवलं होतं तसा.

"काही लागलं का गं?" धुक्यापलीकडून एडविनची हाक आली. पाठोपाठ थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

हेदरने मूठ मिटून खिशात घातली.

"नाही," ती म्हणाली. "इथे नुसतं लोखंड आहे. पुढच्या रविवारी त्या टोकाला बघू."