वर्षाराणीचं टेलिफोन ट्रेनिंग

“प्लीज होल्ड द लाइन,” वर्षाराणी अकराव्यांदा म्हणाली.

“छान. आता हेच जरा घाईत असल्यासारखं,” मोना मॅडम म्हणाल्या.

वर्षाराणीनं घाईत म्हटलं. मग दमल्यासारखं म्हटलं, मग समोरचा चिडलाय असं समजून गोडीत म्हटलं. कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत पंखा बंद होता. खिडक्यांना जाड पडदे लावले होते आणि यंत्रांची धडधड आत येऊ नये म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबला होता. कानावर हेडफोन, तोंडापुढं माइक. मॅडम खास पुण्याहून आल्या होत्या. सगळं रेकॉर्ड करून घ्यायच्या. मार्क द्यायचे तर पुन्हा ऐकावं लागतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला मात्र त्यांनी एकदाही काही ऐकवलं नाही.

पंपाचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या या कारखान्यात वर्षाराणी सहा वर्षं टेलिफोनवर बसत होती, आणि सहाही वर्षं कंत्राटावर. अकरा महिने भरले की नवा कागद, नवी सही. वडलांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून घर तिच्याच पगारावर होतं. कायम करण्याचा विषय काढला की मालक अमरसिंह “बघू की” म्हणून फाइलीत डोकं घालायचे. या खेपेला ते म्हणाले, “आधी ट्रेनिंग मन लावून पुरं कर.” मागच्या वर्षी स्टोअरच्या कारकुनाला ट्रेनिंगनंतरच कायम केलं होतं. वर्षाराणीनं काय ते ओळखलं आणि मन लावलं.

संध्याकाळी कसबा बावड्यात घरी आली की उजळणी व्हायची. वडील हंबीरराव खाटेवर बसून परदेशी गिऱ्हाईक व्हायचे. कानाला चष्म्याची डबी लावायचे आणि दरडावून विचारायचे, “हालो, मी जर्मनीस्नं बोलतोय. माल कुठं हाय माझा?”

“आय ॲम अफ्रेड, सर इज इन अ मीटिंग.”

या वाक्याचा अर्थ त्यांनी मुद्दाम समजावून घेतला. साहेब मीटिंगमध्ये आहेत हे सांगताना इंग्रजीत आधी मला भीती वाटते म्हणायचं, हे काही त्यांना पटलं नाही.

“मीटिंगमधी तो बसलाय, आन् भ्यायचं तू व्हय?” ते म्हणाले.

हंबीररावांनी चाळीस वर्षं कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहून साथ केली होती. वर्षाराणी सात वर्षांची असल्यापासून हातात टाळ घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहायची. तिचा आवाज तिथं घडला. एकच वाक्य पन्नास पन्नास वेळा म्हणून घेतात, असं तिनं एकदा सांगितलं, तेव्हा म्हातारा खूश झाला.

“बुवा म्होरं म्हणत्यात, आपण मागं झेलायचं,” ते म्हणाले. “शंभरदा झेलायला लागलं तरी पयल्यांदा झेलल्यासारखं. बाई हुशार हाय तुझी.”

तिनं शंभरदा झेललं. एक ते शंभर आकडे, बारा महिने, सातही वार, देशांची नावं. मोना मॅडमनी वहीभर वाक्यं वाचून घेतली, त्यातली कितीतरी कामाचीच नव्हती. मधेच एकदा वर्षाराणी थांबली आणि ओशाळून म्हणाली, “बोलायच्या आधी माझा श्वास ऐकू येतोय का हो? कीर्तनातली सवय आहे. अभंगाचा चरण उचलायच्या आधी आम्ही घेतो तसा.”

“तो राहू दे,” मॅडम चटकन म्हणाल्या. “तोच छान आहे.”

शेवटच्या दिवशी त्यांनी इंग्रजी बाजूला ठेवलं. हुपरी-चंदगडकडच्या माणसांचे फोन आले की काय बोलता, असं विचारलं. वर्षाराणी हसली. ती माणसं आधी कामाचं बोलतच नाहीत, त्यांना जेवलासा न्हवं असं विचारावं लागतं, असं तिनं सांगितलं. मॅडमनी तेही दहा वेळा म्हणून घेतलं.

शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मार्क मिळाले. अमरसिंहांनी स्वतःच्या हातानं सर्टिफिकेट दिलं. कायम केल्याच्या ऑर्डरचं विचारायला तिनं तोंड उघडलं, तर बोलून बोलून बसलेल्या घशातून धड आवाज फुटेना. “दोन दिवस घरी आराम कर, घसा सुटू दे,” ते मायेनं म्हणाले. घरी हंबीररावांनी सर्टिफिकेट विठोबाच्या तसबिरीखाली ठेवलं आणि त्याच्या कोपऱ्याला बुक्का लावला.

तिसऱ्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून निघाली. फॅक्टरीच्या वाटेवरच उसाची ट्रॉली पलटी झाली होती. बस जागची हलेना. नऊ वाजून गेले, तशी तिला काळजी लागली. टेलिफोनवर बसायला दुसरं कुणी नव्हतं. फार तर वॉचमन उचलायचा आणि परदेशी माणसावरही खेकसायचा.

ती बसमधून उतरून रस्त्याकडेला आली. ज्या नंबरवर तिनं सहा वर्षं फोन घेतले, तो नंबर तिनं स्वतः कधीच लावला नव्हता. आय ॲम रनिंग लेट, हे वाक्य तिनं मनात दोनदा घोळवलं. वॉचमनला कळलं नसतं, पण अमरसिंहांनी उचलला तर बरं दिसलं असतं.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“गुड मॉर्निंग. हाउ मे आय हेल्प यू?”

बाईचा आवाज होता. इंग्रजी साफ. वर्षाराणी घोळवलेलं वाक्य विसरली. दोन दिवसांत तिच्या खुर्चीवर कुणाला आणून बसवलं?

“कोण बोलतंय वो?” तिनं विचारलं.

पलीकडं एक बारीकसा श्वास घेतला गेला, चरण उचलायच्या आधी घेतात तसा.

“मी वर्षाराणी. जेवलासा न्हवं?”